भरीत खाऊन मेलेला खबऱ्या

मी वारलो तो दिवस रविवारचा होता, म्हणून लोकांची सोय झाली. आडवारी वारलो असतो तर इतकी गर्दी जमली नसती, असं आमचे शेजारी उखर्डू नाना आजही म्हणतात. नाना एसटीत कंट्रोलर होते. गर्दीच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

माझं नाव आधार बिऱ्हाडे. जळगावातल्या एका सरकारी कार्यालयात मी वरिष्ठ लिपिक आहे. कोणतं कार्यालय ते सांगणार नाही, कारण तिथं मला अजून नोकरी करायची आहे. तर आमच्या ह्या कार्यालयात एक दिवस मुंबईहून एक मॅडम आल्या. 'हेर नंबर साडेसात' नावाच्या विनोदी मालिकेच्या त्या दिग्दर्शक. ही मालिका मोबाइलवर दिसते. तिच्यातला हेर फार हुशार आहे, फक्त त्याला पत्ते सापडत नाहीत. ह्या खेपेला तो एका पाताळयंत्री माणसाच्या मागावर खानदेशात येणार होता, आणि मॅडमना आमच्या ताब्यातल्या कालव्याच्या पाटचारीवर शूटिंगची परवानगी हवी होती. घ्या, सांगून बसलो कोणतं कार्यालय ते.

मी त्यांना फक्त बसा म्हटलं. बसल्या म्हणून पाणी दिलं. त्यांचं पाणी पिऊन होईपर्यंत मी सांगितलं की साहेब जेवणाआधी भुकेनं चिडलेले असतात आणि जेवणानंतर पेंगतात. सही होते ती मधल्या चहाच्या वेळी, तीही चहा हेडक्लार्कनं मागवला असेल तर. पण हेडक्लार्कचं आणि कॅशियरचं बोलणं बंद आहे. का बंद आहे, त्यात कॅशियरच्या मेहुण्याच्या लग्नातलं रुसणं कसं आलं, तो मेहुणा आता कुठे असतो, हेही मी ओघात सांगितलं. मॅडम रिकामा ग्लास हातात धरून ऐकत होत्या. मग सोबतच्या माणसाकडे वळून हळूच म्हणाल्या, "आपला खबऱ्या सापडला."

हेराला माहिती पुरवणाऱ्या खबऱ्याचं काम त्यांनी मला देऊ केलं. ज्या गुणापायी मी आजवर नुसते मेमो खाल्ले, त्या गुणाला कोणीतरी पहिल्यांदाच 'भूमिका' म्हणत होतं!

आता सरकारी माणसाला मालिकेत काम करायचं तर खात्याची परवानगी लागते. मी रीतसर अर्ज केला. असले अर्ज छाननीला माझ्याच टेबलावर येतात, तसा हाही आला. मी तो वाचला आणि 'भूमिकेचे स्वरूप मोघम आहे' असा शेरा मारून मलाच परत केला.

"अहो, तुमचाच अर्ज ना तो?" दिपमाला म्हणाली. दिपमाला ही माझी पत्नी. तिला प्रशासन कळत नाही.

मग मी खुलासा जोडला: 'अर्जदार हा हेरास गुप्त माहिती पुरवील व चौथ्या भागात विषारी भरीत खाऊन मृत्यू पावेल.' साहेबांनी चहाच्या वेळी सही केली आणि खाली लिहिलं, 'मृत्यू कार्यालयीन वेळेबाहेर व्हावा व त्याची चर्चा कार्यालयात करू नये.' रविवार ठरला तो असा.

बातमी कॉलनीत पसरली. पसरली म्हणजे मीच पसरवली. त्याबरोबर निम्म्या कॉलनीनं माझ्यासमोर बोलणं बंद केलं आणि उरलेली निम्मी मला गाठून एकमेकांच्या खबरी पुरवू लागली. उखर्डू नाना रोज सकाळी येऊन मला चालायला शिकवत. "खबऱ्या सरळ चालत नाही, भो. भिंतीला धरून चालतो." मी कार्यालयात तीन दिवस भिंतीला धरून चाललो. साहेबांनी बोलावून विचारलं, "बिऱ्हाडे, चक्कर येते का?"

माझी आई, नर्मदाबाई, नरडाण्याला राहते. शेजारी चुलतभाऊ निंबाचं घर आहे, तो तिच्याकडे पाहतो. आईला मी रोज फोनवर सगळं सांगायचो. मॅडम कशा बोलतात, मला कोणता शर्ट दिलाय, हेराचा नट जवळून केवढासा दिसतो, सगळं. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. भूमिकेत मी मरतो, हे नाही सांगितलं. मागच्या वर्षी तिला हृदयाचा झटका येऊन गेला. तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, की ह्यापुढे धक्का बसेल अशी कुठलीही बातमी आजींच्या कानावर जाऊ देऊ नका. खोटं का असेना, पोराचं मरण ते. मी तेवढं गिळलं.

रविवारी पहाटेच असोद्याच्या एका मळ्यात मला मारायला घेतलं. काय ती तयारी! आमच्याकडे मंत्री आले तरी एवढ्या गाड्या येत नाहीत. तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजली, बडगीत, म्हणजे लाकडाच्या खोल भांड्यात, ठेचली, केळीच्या पानावर कळण्याच्या भाकरीसोबत वाढली. मॅडमनी नुसता हात वर केला आणि अख्खा मळा चिडीचूप झाला. बांधावर भुंकणारं कुत्रंसुद्धा गप्प झालं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. असला दरारा मी उभ्या नोकरीत एकाही अधिकाऱ्याचा पाहिलेला नाही.

मरायला मला जरा वेळ लागला. भरीत फक्कड झालं होतं आणि दर वेळी मी आधी पोटभर जेवून मगच मरत होतो. अखेर मॅडम हात जोडून म्हणाल्या, "आधारजी, पहिल्याच घासाला मरा, प्लीज." मेलो. मग मेकअपवाल्यानं विष चढल्याचा निळा रंग माझ्या तोंडाला फासला. "पक्का आहे, पाण्यानं जात नाही, टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. संध्याकाळी माझ्या मृतदेहाचा आणखी एक शॉट होता, म्हणून तोंड धुवायचं नाही, अशी सक्त ताकीद मिळाली.

पुढचा प्रसंग माझ्याच घरी होता. खबऱ्या गेल्यावर हेर त्याच्या दारावर भेटायला येतो, असा. मॅडमना सगळं खरं हवं होतं. त्यांच्या माणसांनी समई आणली होती. दिपमालानं ती परत केली, "आमच्यात नाही लावत," म्हणाली, आणि मेणबत्त्या लावल्या. माझ्या फोटोला पांढऱ्या फुलांचा हार घातला. दारात मांडव पडला, सतरंज्या अंथरल्या, कॉलनीतले लोक पांढरे कपडे घालून बसले, आणि दिपमाला ठरल्याप्रमाणे पदरात तोंड लपवून बसली. कॅमेरे लांब गच्चीवर आणि समोरच्या बंद खिडकीत दडवले होते, कारण कॅमेरा दिसला की आमचे लोक केस नीट करतात. मला आतल्या खोलीत कोंडलं. मेलेला माणूस फ्रेममध्ये दिसला तर सगळा शॉट वाया, असं मॅडमनी समजावलं होतं.

आता इथं एक गोष्ट नीट सांगायला हवी. आमच्या खानदेशात माणूस भेटला की आम्ही विचारतो. आडनाव काय, गाव कोणतं, मामाचं गाव कोणतं, नातं निघेपर्यंत आम्ही सोडत नाही. फक्त एका ठिकाणी विचारत नाही. कोणाच्या दारावर बसायला गेलं की तोंडातून शब्द काढायचा नाही. यायचं, हात जोडायचे, खाली मान घालून थोडं बसायचं, पुन्हा हात जोडून निघायचं. कसं झालं, केव्हा झालं, हे त्या घरच्यांना विचारायचं नसतं. बाहेर पडल्यावर जगाला सांगायचं.

मॅडमना ही रीत ठाऊक नव्हती, आणि आम्हाला ठाऊक असून सुचलं नाही.

मी खिडकीच्या फटीतून पाहत होतो. आमच्या कार्यालयातला एक शिपाई मोटारसायकलवरून चालला होता. मांडव पाहिला, फोटो पाहिला, गाडी लावली, डोक्यावरची टोपी काढून येऊन बसला. मग थोड्या वेळानं उठला, हात जोडले आणि गेला. मी म्हटलं, व्वा! मॅडमनी माझ्या कार्यालयातून माणूस आणला! मग दूधवाला आला. मग कॅशियर आला. कॅशियरच्या मागोमाग हेडक्लार्क आला, आणि बोलणं बंद असलेली ती दोन माणसं एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसली. माझे डोळे विस्फारले. साहेबांना जे कधी जमलं नाही, ते ह्या बाईनं एका दिवसात करून दाखवलं!

लोक येतच राहिले. पुना नावाचा माझा मुक्ताईनगरचा साडू आला. तो माझ्या गृहप्रवेशालाही आला नव्हता. 'ह्याला किती दिले असतील?' मी मनात म्हटलं. गच्चीवर मॅडम नुसत्या थरारल्या होत्या. नंतर कळलं, त्या सारख्या म्हणत होत्या, "काय नैसर्गिक अभिनय आहे इथल्या लोकांचा! थांबवू नका, कॅमेरा चालू ठेवा."

एवढ्यात एरंडोलहून एक जीप येऊन थांबली आणि तीतून माझी मावशी, इंदिराबाई, हंबरडा फोडतच उतरली. मावशीला मी लहानपणापासून ओळखतो, पण तिच्यात ही कला आहे हे मला माहीत नव्हतं. ती मांडवाच्या खांबाला धरून अशी रडली की माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मी फटीला नाक लावून मनोमन टाळ्या वाजवत होतो.

"आधार भाऊ रेऽऽ," मावशी म्हणत होती, "आते माले कोना घरनी खबर कोन सांगी रे! मना गुडघाना तेल आते कोन आनी देई रेऽऽ!"

मी चपापलो. दर महिन्याला मी मावशीला गुडघ्याचं तेल पाठवतो. हे मालिकेच्या लेखकाला कुठून कळलं?

आणि मग लक्षात आलं. हे लेखकानं लिहिलेलं नव्हतं.

मी कडी काढून तसाच निळ्या तोंडानं बाहेर धावलो. "मावशी! मी आहे! जिवंत आहे!" मावशी किंचाळली आणि दिपमालाच्या गळ्यात पडली. पुना साडू सतरंजीसकट मागं सरकला. कॅशियरनं हेडक्लार्कला घट्ट मिठी मारली. गच्चीवरून मॅडम ओरडल्या, "कट! आधारजी, तुम्ही मेलात ना!"

"मावशी, तुला कोणी सांगितलं?"

"निंबाना फोन उना," मावशी हुंदके देत म्हणाली.

निंबा म्हणजे नरडाणा, आणि नरडाणा म्हणजे आई!

आईला फोन लावला. लागेना, सारखा व्यस्त. निंबाला लावला. त्यानं उचलला आणि मला बोलूच दिलं नाही. माझा नंबर पाहून त्याला वाटलं, बापाच्या फोनवरून माझा मुलगा प्रशील बोलतोय. आमचे आवाज सारखे आहेत.

"प्रशील, बेटा, धीर धर. आम्ही बठ्ठा जन जळगावले निंघी ऱ्हायनूत."

"अरे निंबा, मी आधार..."

"हो बेटा, तुना बापच व्हता आम्हना आधार," असं म्हणून तो रडायला लागला आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर तो उचलेचना.

मॅडमनी स्वतःची गाडी काढली. "चूक माझी आहे, मी येते," म्हणाल्या. मी, दिपमाला, मॅडम आणि कोणी न बोलावता पुढच्या सीटवर बसलेले उखर्डू नाना, असे आम्ही नरडाण्याच्या रस्त्याला लागलो. आईच्या कानावर गेलं असेल का? गेलं असेल तर ती कशी असेल? डॉक्टरांचे शब्द डोक्यात वाजत होते. दिपमालानं माझा हात धरून ठेवला होता.

"व्हॉट्सॲपवर फोटो टाक स्वतःचा," नानांनी सल्ला दिला. "फोटो पाहिला की लोकांची खात्री पटेल."

सल्ला मला पटला. मी गाडीतच स्वतःचा फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली 'मी सुखरूप आहे' असं लिहायला घेतलं आणि धरणगावच्या पुढं रेंजच गेली. फोटो गेला, मजकूर राहिला. अमळनेरला रेंज आली तेव्हा ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग लागली होती. कुणीतरी लिहिलं होतं, 'चेहरा किती काळानिळा पडलाय हो.' मी घाईघाईनं 'अरे मी जिवंत आहे' असं टाकलं. त्यावर एका आत्येभावाचं उत्तर आलं, 'खरं आहे. आठवणींच्या रूपानं ते सदैव जिवंत राहतील.'

बेटावदच्या अलीकडं रेल्वेचं फाटक लागलेलं. मी डोळे मिटून, मान मागं टाकून बसलो होतो. शेजारच्या मोटारसायकलवाल्यानं काचेतून आत पाहिलं, हेल्मेट काढलं आणि हात जोडले. मी डोळे उघडले तर तो गाडी तिथंच टाकून रुळांपलीकडे पळाला.

"बॉडी नाही, भो! माणूस आहे!" नाना खिडकीतून ओरडले. पण तो थांबला नाही.

नरडाण्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच मी गाडीतून उतरलो. दारात ही गर्दी! एक टेम्पो जळगावला निघायच्या तयारीत उभा होता आणि त्यात निंबा लोकांना बसवत होता. त्यानं मला पाहिलं आणि तो टेम्पोच्या फळीवर मटकन बसला. बायका ओरडल्या. गर्दी दुभंगली. मी कोणाकडेही न पाहता दारापर्यंत गेलो, आणि तिथंच थबकलो.

आई ओट्यावर ताठ बसली होती. डोळे कोरडे. समोर चहाचं मोठं पातेलं, आणि ती एकेकाला कप भरून देत होती. मला पाहून तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. ती गर्दीकडे वळून म्हणाली,

"सांगं व्हतं ना तुम्हले? मना आधार मरता, ते पह्यले मालेच सांगाले येता. त्याना पोटमा कव्हय काय ऱ्हायनं?"

मग कोणीतरी फस्सकन हसलं, आणि बघता बघता सगळी गल्ली रडता रडता हसायला लागली. निंबा माझ्या गळ्यात पडला. त्यानं सांगितलं, सकाळपासून सगळं गाव तिला समजावत होतं, पण ती जळगावला निघायला तयार नव्हती. जो येईल त्याला चहा देत होती आणि 'उगा ऱ्हा' म्हणून गप्प बसवत होती. मॅडम दाराशी उभ्या राहून आईकडे बघत होत्या. ज्या बाईच्या एका हातानं अख्खा मळा गप्प होतो, तिनं आईच्या हातून चहाचा कप निमूट घेतला होता. मीही थक्कच झालो होतो. आयुष्यभर जिची ऊठबस पाहिली, ती माझी आई मला नव्यानंच दिसत होती.

लोक पांगले. आईनं मला हाताला धरून मोरीपाशी नेलं आणि पाटावर बसवलं.

"काय फासं हाई तोंडले?"

मी तिला सगळं सांगितलं. मालिकेत मी मरतो, तेसुद्धा. तिनं तांब्याभर पाणी घेतलं, पदराचं टोक भिजवलं आणि माझं तोंड पुसायला लागली. रंग निघेना. मग साबण लावला. निघेना. मग खोबरेल तेल चोळलं.

"आजी, तो रंग पक्का असतो," मॅडम हलकेच म्हणाल्या. "माझ्याकडे त्याचं लोशन आहे गाडीत."

आईला ते ऐकूच गेलं नाही. ती आणखी जोरानं पुसायला लागली. गाल चुरचुरू लागले, पण मी हललो नाही. "निंघत नही," ती पुटपुटली. "हाऊ रंग निंघत नही." तिनं पुन्हा पदर भिजवला. "निंघत नही रे हाई... निंघत नही..." आणि ओट्यावर दिवसभर ताठ बसलेली माझी आई माझं निळं तोंड दोन्ही हातांत धरून ढसाढसा रडली. तिच्या हातातलं तेल माझ्या डोळ्यांत गेलं, आणि मीही रडत होतो ते कोणाला कळलं नसावं.

पुष्कळ वेळानं तिनं पदरानं स्वतःचे डोळे पुसले आणि मॅडमकडे पाहिलं.

"पोरी, तुना त्या खेळमा बी त्याले मारू नको. एक डाव आयकं मी. आखो एक डाव आयकाव नही."

मॅडम तिच्यापाशी खाली बसल्या, मोरीच्या ओल्या फरशीवर, तशाच.

"नाही मारत, आजी."

"मंग आते जेवी जाय," आई म्हणाली.